मोठी संख्या कागदावर कशी उकलायची : २०,४०,८१,२२,४४९ ची ओळख

२०४०८१२२४४९. अशी अकरा अंकी संख्या समोर आली की हात आपोआप मोबाइलकडे जातो. संख्यांची माहिती देणारी संकेतस्थळं भरपूर आहेत. संख्या टाकली की मूळ अवयव, विभाजक, त्यांची बेरीज, सगळा तक्ता क्षणात हजर होतो. पण तक्ता वाचून संख्या ओळखीची होत नाही. ती ओळखीची होते कागदावर, एकेक अवयव हाताने सोडवून काढताना. गणित सोडून बरीच वर्षं झालेल्यांनीही अशी एक तरी संख्या स्वतः उकलून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी फार काही लागत नाही. नऊपर्यंतचे पाढे, शाळेत शिकलेला लांब भागाकार आणि चौकटीची वही असली की पुरे. चौकटीत अंक एकाखाली एक नीट बसतात, आणि मोठ्या भागाकारात निम्म्या चुका अंक तिरके गेल्यानेच होतात.

पद्धतीचा गाभा एका वाक्यात सांगता येईल : भागाकार शेवटी करायचा, आधी नुसत्या अंकांकडून जेवढं कळेल तेवढं कळून घ्यायचं.

आधी संख्या दोनदा लिहा

पहिल्यांदा आपल्या नेहमीच्या स्वल्पविरामांनी : २०,४०,८१,२२,४४९. आणि मोठ्याने वाचा : वीस अब्ज चाळीस कोटी एक्याऐंशी लाख बावीस हजार चारशे एकोणपन्नास. वाचल्याने अंक गाळला गेला असेल तर लगेच लक्षात येतं.

दुसऱ्यांदा स्वल्पविराम पूर्ण काढून टाका आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा : २० | ४०८ | १२२ | ४४९. आपल्याकडे हजारानंतर दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम येतो, त्यामुळे नवखा माणूस पुढच्या कसोट्या लावताना ४०, ८१, २२ असे तुकडे धरून बसतो आणि सगळंच बिनसतं. म्हणून ही दुसरी मांडणी वेगळ्या ओळीवर, ठळक करून ठेवा. खरं काम तिच्यावरच होणार आहे.

शेवटचा अंक आणि अंकांची बेरीज

एकक स्थानी ९ आहे. म्हणजे २ ने भाग जात नाही, ५ ने जात नाही, आणि त्यामुळे ४, ६, ८, १० यांचा विचारही नको.

आता सगळे अंक मिळवा : २+०+४+०+८+१+२+२+४+४+९ = ३६. छत्तीसला ९ ने पूर्ण भाग जातो, म्हणून आपल्या संख्येलाही जातो. कारण साधं आहे. १० मधून १ काढला तर ९ उरतात, १०० मधून १ काढला तर ९९, १००० मधून काढला तर ९९९. प्रत्येक स्थानाच्या किमतीतून एक बाजूला काढला की उरलेलं ९ च्या पटीत असतं, आणि बाजूला काढलेल्या एकांची बेरीज म्हणजेच अंकांची बेरीज. हे एकदा समजलं की कसोटी पाठ करावी लागत नाही.

पुढची कसोटी ११ ची. उजवीकडून एक आड एक अंक घ्या. विषम स्थानांवरचे : ९+४+२+८+४+२ = २९. सम स्थानांवरचे : ४+२+१+०+० = ७. फरक २२. त्याला ११ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो.

एवढ्यात दोन अवयव हाती लागले, तेही एकही भागाकार न मांडता.

ही वर्गसंख्या असेल का?

हा प्रश्न लवकर विचारून ठेवावा, कारण उत्तर 'हो' असेल तर पुढची मेहनत निम्मी होते. वर्गसंख्येच्या एकक स्थानी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही. आपल्याकडे ९ आहे, चालेल. अंकांची बेरीज पुन्हा पुन्हा करत एका अंकावर आणली तर वर्गसंख्येत १, ४, ७ किंवा ९ यांपैकीच काहीतरी येतं. ३६, मग ३+६ = ९. हेही चालेल. तिसरी कसोटी मला सगळ्यांत आवडते : विषम वर्गसंख्येला ८ ने भागलं तर बाकी नेहमी १ उरते. ८ साठी शेवटचे तीनच अंक पाहायचे असतात. ४४९ = ५६ × ८ + १. बाकी १.

तिन्ही ठिकाणी संख्या टिकली. पण याने वर्गसंख्या असल्याचं सिद्ध होत नाही, फक्त शंका बळावते. १४५ ही संख्याही या तिन्ही कसोट्यांना उतरते आणि ती कशाचाच वर्ग नाही. तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात 'वर्ग?' एवढं लिहून पुढे जा.

तीन-तीन अंकांचे गट

आता ती दुसरी मांडणी कामाला येते. तिच्यामागे दोन गुणाकार आहेत, आणि ते मात्र लक्षात ठेवण्याच्या लायकीचे आहेत :

९९९ = २७ × ३७
१००१ = ७ × ११ × १३

१००० ला ९९९ ने भागलं की बाकी १ उरते. दहा लाखाला भागलं तरी १, एक अब्जाला भागलं तरी १. म्हणजे ९९९ च्या भागाकारात २० अब्ज काय आणि नुसते २० काय, बाकी सारखीच. म्हणून चारही गट सरळ मिळवायचे :

२० + ४०८ + १२२ + ४४९ = ९९९

बेरीज नेमकी ९९९ आली. म्हणजे आपल्या संख्येला ९९९ ने नि:शेष भाग जातो, आणि त्यातून २७ आणि ३७ दोन्ही एकदम मिळाले. ३७ ने भाग जातो का हे तपासायला साधारणपणे लांब भागाकार करावा लागतो. इथे चार आकड्यांची बेरीज पुरली.

१००१ चं थोडं वेगळं. १००० ही १००१ पेक्षा एकने कमी, म्हणून बाकी वजा १ धरायची. दहा लाखाला पुन्हा अधिक १, अब्जाला वजा १. म्हणून गट उजवीकडून एकदा अधिक, एकदा वजा असे घ्यायचे :

४४९ − १२२ + ४०८ − २० = ७१५

७१५ = ५ × ११ × १३. म्हणजे ११ आणि १३ ने भाग जातो. ११ चं आधीच्या कसोटीशी जुळलं, हा आपोआप मिळालेला ताळा. ७ ने ७१५ ला भागलं तर बाकी १ येते, म्हणून ७ हा अवयव नाही. ही 'सातची बाकी १' कोपऱ्यात टिपून ठेवा. पुढे दोनदा लागणार आहे.

इथे एक सावधगिरी. ७१५ मध्ये ५ सुद्धा आहे, म्हणून संख्येला ५ ने भाग जातो असं समजू नका. ही बेरीज-वजाबाकी फक्त ७, ११ आणि १३ यांच्याबद्दल बोलते, कारण १००१ चे मूळ अवयव तेवढेच. तसंच आधीची बेरीज फक्त ३ आणि ३७ यांच्याबद्दल.

आता भागाकार

तपासून झालं. आता प्रत्यक्ष भागायचं, आणि तेही एकदम ९९९ ने. ३७ ने भागण्यापेक्षा ते सोपं आहे, कारण ९९९ चा पाढा स्वतःच लिहिला जातो : ९९९, १९९८, २९९७, ३९९६, ४९९५, ५९९४, ६९९३, ७९९२, ८९९१.

सुरुवातीचे पाच अंक घ्या, २०४०८. त्यात ९९९ वीस वेळा जातात (१९९८०), बाकी ४२८. पुढचा १ उतरवा : ४२८१, चार वेळा, बाकी २८५. पुढचा २ : २८५२, दोन वेळा, बाकी ८५४. पुढचा २ : ८५४२, आठ वेळा, बाकी ५५०. पुढचा ४ : ५५०४, पाच वेळा, बाकी ५०९. पुढचा ४ : ५०९४, पुन्हा पाच वेळा, बाकी ९९. शेवटचा ९ : ९९९, एक वेळा, बाकी शून्य. भागाकार आला २,०४,२८,५५१.

मोठ्या संख्येवर काम करताना एक सवय लावून घ्या : प्रत्येक नवा भागाकार आला की त्याच कसोट्या त्याला पुन्हा लावायच्या. जो अवयव एकदा गेला तो परत जाऊ शकतो. २० | ४२८ | ५५१ यांची बेरीज करा : २० + ४२८ + ५५१ = ९९९. पुन्हा तेच. म्हणजे आणखी एकदा ९९९ ने भागता येतं, आणि या वेळी उत्तर येतं २०,४४९.

आता अंकांची बेरीज १९, म्हणून ३ संपला. २० + ४४९ = ४६९, ३७ ने भागल्यास बाकी २५, म्हणून ३७ ही संपला. ४४९ − २० = ४२९, याला ११ आणि १३ ने भाग जातो. २०४४९ ÷ ११ = १८५९. पुन्हा ११ ने, १६९. आणि १६९ म्हणजे १३ × १३, हे बहुतेकांना पाठच असतं.

सगळं एकत्र लिहा. ९९९ दोनदा गेला, आणि ९९९ = ३ × ३ × ३ × ३७. म्हणून

२०,४०,८१,२२,४४९ = ३ सहा वेळा × ११ दोन वेळा × १३ दोन वेळा × ३७ दोन वेळा.

ताळा केल्याशिवाय पुढे जाऊ नका. नऊचा ताळा इथे फारसा उपयोगाचा नाही, कारण संख्या ९ च्याच पटीत आहे. अवयव लिहिताना ३ ची एखादी वेळ कमी-जास्त झाली तरी तो खरा ठरेल. सातचा ताळा घ्या. ३ चा सहावा घात ७२९, त्याची सातची बाकी १. १२१ ची २, १६९ ची १, १३६९ ची ४. गुणाकार १ × २ × १ × ४ = ८, आणि ८ ची सातची बाकी १. कोपऱ्यात टिपलेली बाकीही १ च होती. जुळलं.

अवयवांतून काय काय निघतं

सगळे घातांक सम आहेत : ६, २, २, २. म्हणजे कोपऱ्यातला 'वर्ग?' खरा ठरला. वर्गमूळ काढायला घातांक निम्मे करा : २७ × ११ × १३ × ३७. यातले २७ आणि ३७ मिळून ९९९, ११ आणि १३ मिळून १४३. १४३ × ९९९ = १४३००० − १४३ = १,४२,८५७.

ही संख्या ओळखीची वाटली असेल तर थोडं थांबा, तिच्याकडे येतोच.

विभाजक किती, हे मोजायला विभाजक लिहीत बसायचं नसतं. छोटं उदाहरण ४५ चं घ्या : ४५ = ३ × ३ × ५. कोणताही विभाजक बनवताना ३ शून्य, एक किंवा दोन वेळा घेता येतो, म्हणजे तीन पर्याय. ५ साठी दोन पर्याय. ३ × २ = ६ विभाजक : १, ३, ५, ९, १५, ४५. नियम असा की प्रत्येक घातांकात १ मिळवायचा आणि गुणायचं. आपल्या संख्येसाठी ७ × ३ × ३ × ३ = १८९.

१८९ ही विषम संख्या आहे, आणि तो योगायोग नाही. विभाजक जोडीने येतात. एकाने भागलं की दुसरा मिळतो. फक्त वर्गमूळाची जोडी स्वतःशीच असते. म्हणून ९४ जोड्या आणि एकटा १,४२,८५७. ज्या संख्येच्या विभाजकांची संख्या विषम असते ती वर्गसंख्याच असते. ही गोष्ट शाळेतल्या मुलांना जरूर करून दाखवावी. १ ते ३० पर्यंतच्या संख्यांवर ती सहज पटते.

विभाजकांची बेरीजही अशीच. ४५ साठी (१ + ३ + ९) × (१ + ५) = १३ × ६ = ७८. कंस सोडवले तर सहाही विभाजक एकेकदा बाहेर पडतात, म्हणून ही युक्ती चालते. आपल्यासाठी ३ चा कंस १ + ३ + ९ + २७ + ८१ + २४३ + ७२९ = १०९३. बाकीचे १ + ११ + १२१ = १३३, १ + १३ + १६९ = १८३, १ + ३७ + १३६९ = १४०७. चौघांचा गुणाकार ३७,४२,९७,५५,४८९. यातून संख्या स्वतः वजा केली तर १७,०२,१६,३३,०४० उरतात, म्हणजे संख्येपेक्षा कमी. ६, २८, ४९६ या संख्यांमध्ये ही बेरीज बरोबर संख्येइतकीच येते आणि त्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. आपली त्यांच्यात बसत नाही.

एकपासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ, म्हणजे १ सोडून तिच्याशी एकही समान विभाजक नसलेल्या, किती संख्या आहेत, हेही अवयवांवरून निघतं. दर तीनांतला एक ३ मुळे गळतो, उरलेल्यांतला दर अकरांतला एक ११ मुळे, तसंच १३ आणि ३७ चं. संख्येला २/३, १०/११, १२/१३ आणि ३६/३७ ने गुणलं की ११,१०,८५,६०,३२० मिळतात. निम्म्याहून थोड्या जास्त.

१,४२,८५७ आणि देवळालीचे कापरेकर

आता वर्गमूळाकडे. १ ला ७ ने भागून पाहा. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. ३० मध्ये चार वेळा, बाकी २. २० मध्ये दोन वेळा, बाकी ६. ६० मध्ये आठ वेळा, बाकी ४. ४० मध्ये पाच वेळा, बाकी ५. ५० मध्ये सात वेळा, बाकी १. पुन्हा १ आली, म्हणजे चक्र परत सुरू. भागाकारातले अंक १, ४, २, ८, ५, ७. म्हणजे १/७ हा आवर्ती दशांश अपूर्णांक ०.१४२८५७१४२८५७… आणि त्यात फिरणारी संख्या आपलं वर्गमूळच.

बाकी म्हणून ३, २, ६, ४, ५, १ या सहाही संख्या एकेकदा येऊन गेल्या, हे नीट पाहा. म्हणून २/७ चा भागाकार हेच चक्र बाकी २ पासून सुरू करतो. १,४२,८५७ ला २ ने गुणा : २,८५,७१४. ३ ने : ४,२८,५७१. ४ ने : ५,७१,४२८. ५ ने : ७,१४,२८५. ६ ने : ८,५७,१४२. तेच अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळी. आणि ७ ने गुणलं की ९,९९,९९९.

आता ज्या संख्येपासून सुरुवात केली तिचे दोन तुकडे करा. वर्गमूळ सहा अंकी आहे, म्हणून उजवीकडून सहा अंक एकीकडे आणि उरलेले दुसरीकडे : २०४०८ | १२२४४९. बेरीज करा.

२०४०८ + १२२४४९ = १४२८५७

वर्गाचे दोन तुकडे जोडले आणि वर्गमूळ परत आलं. ज्या संख्येच्या वर्गाचे तुकडे जोडून ती संख्याच परत मिळते, तिला जगभर कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म डहाणूचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि आयुष्यभराची नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तराची. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. शाळा सांभाळून ते संख्यांशी खेळत राहिले आणि जे सापडेल ते लिहीत राहिले. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून पुन्हा पुन्हा वजाबाकी केली (चारही अंक सारखे नसले) की शेवटी ६१७४ येते, हा त्यांचा १९४९ चा शोध आज सर्वपरिचित आहे, पण तो देशाबाहेरच्या सामान्य वाचकांपर्यंत पोचला तो १९७५ मध्ये, गणितावर लोकांसाठी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या मासिक सदरात कापरेकरांविषयी लिहिल्यावर. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. आपल्या मातीतल्या या गणितीची संख्या आपल्या मुलांनी स्वतःच्या हाताने एकदा तरी पडताळावी.

लहान कापरेकर संख्यांपासून सुरुवात करता येते : ९ (वर्ग ८१, ८ + १), ४५ (वर्ग २०२५, २० + २५), ५५ (वर्ग ३०२५, ३० + २५), २९७ (वर्ग ८८२०९, ८८ + २०९), ७०३ (वर्ग ४९४२०९, ४९४ + २०९). हर्षद संख्या हे नावही कापरेकरांचंच : स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. १,४२,८५७ ची अंकबेरीज २७, आणि १४२८५७ ÷ २७ = ५२९१. म्हणजे ती हर्षदही आहे. तिचा वर्ग मात्र नाही. त्याची अंकबेरीज ३६ आणि संख्या विषम, तेव्हा भाग जाण्याचा प्रश्नच नाही.

हे तुकडे जुळतात तरी का? कारण कळलं की गंमत कमी होत नाही, वाढते. वर्गातून संख्या वजा करा : १४२८५७ × १४२८५७ − १४२८५७ = १४२८५७ × १४२८५६. आता सातची ती बाकी आठवा. १,४२,८५७ लाही ७ ने भागलं तर बाकी १ च उरते, म्हणून १४२८५६ = ७ × २०४०८. हा ७ उचलून पहिल्या अवयवाला द्या : १४२८५७ × ७ = ९९९९९९. म्हणजे वरची वजाबाकी ९९९९९९ × २०४०८ इतकी. ९९९९९९ म्हणजे दहा लाख वजा एक. म्हणून वर्ग = २०४०८ × दहा लाख + (१४२८५७ − २०४०८). कंसातली संख्या १२२४४९. पहिला तुकडा २०४०८, दुसरा तुकडा 'वर्गमूळ वजा पहिला तुकडा', मग दोघांची बेरीज दुसरं काय येणार? ७०३ आणि ९९९ घेऊन हीच सिद्धता स्वतः लिहून पाहा. जुळते.

संख्या इतकी सरळ निघाली नाही तर

बहुतेक संख्या इतक्या सोप्या निघत नाहीत. १,२३,४५,६७८ घ्या. सम आहे, अंकबेरीज ३६, म्हणून २ आणि ९ निघाले आणि उरले ६,८५,८७१. गटांच्या कसोट्यांनी ७, ११, १३, ३७ सगळे बाद होतात. आता इलाज नाही : १७, १९, २३ असं मूळ संख्यांनी क्रमाने भागत जायचं. ४७ ला यश येतं आणि १४,५९३ उरतात.

इथे कुठे थांबायचं हे ठाऊक हवं. १२० चा वर्ग १४,४०० आणि १२१ चा १४,६४१. १४,५९३ संयुक्त असेल तर तिचा एक तरी अवयव १२० च्या आतला असलाच पाहिजे, कारण दोन्ही अवयव त्याहून मोठे असले तर गुणाकार १४,५९३ च्या पुढे जाईल. शिवाय ४७ पेक्षा लहान मूळ संख्या पुन्हा तपासायची गरज नाही. ६,८५,८७१ ला ज्यांनी भाग गेला नाही, त्यांचा तिच्या अवयवालाही जाणार नाही. म्हणून फक्त ४७ पासून ११३ पर्यंतच्या सोळा मूळ संख्या उरतात. सोळाही वेळा बाकी उरते. म्हणजे १४,५९३ मूळ, आणि १,२३,४५,६७८ = २ × ३ × ३ × ४७ × १४५९३, विभाजक २ × ३ × २ × २ = २४.

त्याहून मोठ्या संख्येत डोकं लावून उमेदवार कमी करावे लागतात. २ चा बत्तिसावा घात अधिक एक, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही फ्रेंच गणिती फर्माने मूळ मानली होती. स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये तिचा ६४१ हा अवयव दाखवला. पुढे त्यानेच सिद्ध केलं की या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या लहानापासून घेतल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्यालाच भाग जातो, आणि दुसरा अवयव निघतो ६७,००,४१७.

संगणक वापरायचा तो कागदावरचं काम झाल्यावर, ताळ्यासाठी. एक्सेलसारख्या तक्त्यात पंधरा अंकांपर्यंतच संख्या नेमकी राहते, त्यापुढचे अंक गुपचूप शून्य होतात, हे ध्यानात असू द्या. पायथॉनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये तर फॅक्टर नावाची आज्ञाच आहे, तिच्यापुढे संख्या लिहिली की मूळ अवयव मिळतात.

सरावासाठी १२,३४,५६,५४,३२१ ही संख्या घ्या. गट पाडा : १२ | ३४५ | ६५४ | ३२१. बेरीज १३३२ येईल, ती ३७ च्या पटीत आहे. अधिक-वजा केल्यावर शून्य येईल, म्हणजे या वेळी ७, ११ आणि १३ तिन्ही अवयव आहेत. शेवटी ३, ७, ११, १३ आणि ३७ हे पाचही अवयव दोन-दोनदा मिळाले पाहिजेत, वर्गमूळ १,११,१११ आणि विभाजक २४३. मग हिचेही दोन तुकडे जोडून पाहा : १२३४५ + ६५४३२१ = ६,६६,६६६. वर्गमूळाच्या बरोबर सहापट आली, म्हणजे १,११,१११ ही कापरेकर संख्या नाही. आता १,११,१११ ला ७ ने भागून, वरची सिद्धता नेमकी कोणत्या ओळीवर अडते ते शोधा.